आपल्या लेकरांनी भूमध्य समुद्रात फिरायला जायचं की नाही?

बुद्धपौर्णिमेला देगलूरच्या विहारात खीरदान झालं आणि आम्ही काही जण ओट्यावर गप्पा मारत बसलो होतो. पुण्याहून माझा मावसभाऊ आला होता. आयटी कंपनीत नोकरी, बायको बँकेत, थोरला मुलगा सहा वर्षांचा, धाकटी पुढच्या जूनमध्ये तीनची होईल. बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, पुढच्या मे महिन्यात लेकरांना घेऊन भूमध्य समुद्रातल्या क्रूझला जायचा विचार आहे. इटली, फ्रान्स, स्पेन. कोणती घ्यावी काही कळंना."

शेजारी चळवळीतले एक ज्येष्ठ काका बसले होते. ते लगेच म्हणाले, "वस्तीतल्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय, आणि आमचे साहेब पाण्यावर फिरायला निघाले!" सगळे हसले. मीही हसले. भाऊ गप्प झाला, वहिनीनं मान खाली घातली आणि विषय तिथंच संपला.

मी का हसले, हा प्रश्न घरी आल्यावर मला पडला. काकांचं म्हणणं मला पटलं होतं का? नव्हतं. तरीही हसले, कारण 'आपल्या माणसानं चैन करू नये' हे आपल्या सगळ्यांच्या मनात कुठंतरी घट्ट बसलेलं आहे. म्हणून हा लेख. काकांशी वाद आहे, भावाशीही आहे आणि थोडा माझ्याशीही.

प्रवास म्हणजे आपल्यासाठी काय होतं?

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनाची सुरुवातच लहान मुलांच्या प्रवासानं होते. साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीवर, आणि नवे कपडे घालून भावाभाच्यांसोबत निघालेला छोटा भीमराव. रेल्वेनं मसूर स्टेशनपर्यंत सगळं ठीक होतं. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा पालटला. एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. सुट्टीत वडिलांना भेटायला निघालेल्या लेकरांचा हा प्रवास होता.

त्याच पुस्तकात १९३४ सालची एक सहल आहे, आणि ती आपल्या मराठवाड्यातली आहे. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला पाहायला बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत बसनं निघाले होते. आपलं देगलूर तेव्हा ज्या निजामी राज्यात होतं, त्याच राज्यातली ही गोष्ट. किल्ल्याच्या दाराशी हौदातल्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून आरडाओरडा झाला, हौद बाटवला म्हणून शिव्या पडल्या. शेवटी आत सोडलं ते बरोबर एक हत्यारी शिपाई देऊन, कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून! कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला बॅरिस्टर स्वतःच्या मुलखात पर्यटक म्हणून गेला, तेव्हा त्याच्या वाट्याला पहारा आला.

माझ्या आईचा पहिला लांबचा प्रवास १९७८ सालचा. विधिमंडळानं जुलैमध्ये नामांतराचा ठराव केला आणि नांदेड जिल्ह्यात वस्त्या पेटल्या. आई दहा वर्षांची होती. आजीनं पाठीवर धाकटा मामा बांधला, आईचा हात धरला आणि रात्रीतून शेतांमधून गाव सोडलं. आई आजही 'गावाला जायचं' म्हटलं की आधी पिशवीत भाकरी बांधते. तिच्या लेखी प्रवास म्हणजे उपाशी राहायची तयारी.

आणि आज? देगलूर-मुखेड भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, कुणी तेलंगणातल्या वीटभट्ट्यांवर जातं. लहान लेकरं सोबतच असतात. त्यांचंही राज्याबाहेर जाणं होतं, त्यांचाही मुक्काम चार-पाच महिन्यांचा असतो. फक्त त्याला कुणी 'फॅमिली ट्रिप' म्हणत नाही.

आपल्या समाजाचा प्रवास असा पिढ्यान्‌पिढ्या दोनच कारणांसाठी झाला. एक पोटासाठी, दुसरा जीव वाचवण्यासाठी. मुलांना घेऊन नुसतं पाहायला, नुसतं आनंदासाठी जाणं ही आपल्याकडं फार तर एका पिढीची गोष्ट आहे. त्या गोष्टीवर हसण्याआधी आपण दहादा विचार केला पाहिजे.

'चैन' हा शब्द कुणाचा?

काकांच्या टोमण्यामागचा विचार असा : समाज गरीब आहे, तोवर शिकलेल्यानं साधं राहावं. ऐकायला बरं वाटतं. पण साधं राहण्याचा हा उपदेश बाबासाहेबांचा नाही. गांधीवादावर टीका करताना त्यांनी अगदी उलट भूमिका घेतली. यंत्र आणि आधुनिक संस्कृती यांची गरज कशासाठी? माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवून फुरसत मिळावी म्हणून. फुरसत असेल तरच माणूस विचार करू शकतो, संस्कृती घडवू शकतो. ज्या समाजात थोड्यांना फुरसत आणि बाकीच्यांना फक्त कष्ट, तिथं लोकशाही नाही, असा त्या मांडणीचा रोख आहे.

आणि ते नुसतं लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी देणारी दुरुस्ती त्यांनी पुढं नेली, ती १९४५ मध्ये कायदा झाली. १९४६ मध्ये कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पगार चालू ठेवून घरी बसायचं, बायकालेकरांसोबत राहायचं, हा हक्क आहे, दया नाही, हे या देशातल्या कायद्यात आणण्यात बाबासाहेबांचा वाटा आहे. माझा भाऊ जी रजा टाकून फिरायला जाणार आहे, तिच्या मुळाशी हा इतिहास आहे.

शिवाय एक साधा प्रश्न. पुण्या-मुंबईतली सवर्ण कुटुंबं दर उन्हाळ्यात युरोपला जातात, तेव्हा 'तुमच्या गावात पाणी नाही, तुम्ही कसे निघालात?' असं त्यांना कुणी विचारतं का? सार्वजनिक दारिद्र्याचा हिशोब फक्त दलितानं आपल्या खिशातून का द्यायचा? नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, याचा जाब नगरपरिषदेला विचारायचा. तो भावाच्या सहा वर्षांच्या पोराला विचारायचा नाही.

अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहून त्यांनी तो प्रवास आपल्या सगळ्यांचा केला. त्यांना कुणी चैनखोर म्हटलं नाही. मग कामगाराच्या नातवानं आपल्या पैशानं तिकीट काढलं तर तो एकदम चैनखोर कसा?

पण हक्क आहे म्हणून निवड बरोबर होत नाही

इथून पुढं माझा वाद भावाशी आहे. हक्क असणं वेगळं आणि शहाणी निवड करणं वेगळं. जाहिरातीत निळं पाणी, पांढरं जहाज आणि हसरी मुलं दिसतात. पण तीन वर्षांचं लेकरू घेऊन जाणाऱ्यानं वेगळ्याच गोष्टी पाहायच्या असतात. भावासाठी मी जी माहिती गोळा केली, ती इतरांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वयाची. बहुतेक मोठ्या जहाजांवर सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत. मुलांसाठीचे क्लब, जिथं लेकरू खेळायला सोडून आईबाप दोन तास मोकळे होतात, ते साधारण तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांसाठी असतात. त्याहून लहान मुलांची सोय मोजक्याच जहाजांवर असते. डायपरमधल्या मुलांना मुख्य पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत. म्हणजे मे महिन्यात भावाची मुलगी तीनला एक महिना कमी असणार. ती आठ दिवस वहिनीच्या कडेवर राहील आणि वहिनीची सुट्टी घरातल्यासारखीच जाईल. बाईची फुरसत मोजायला आपण नेहमीच विसरतो. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत जावं. तिथला हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असला तरी काही जहाजं नोव्हेंबरातही चालतात. थोडा पाऊस लागेल, पण जुलै-ऑगस्टची काहिली आणि गर्दी टळेल, दरही उतरलेले असतात.

दुसरी गोष्ट बंदरांची. जाहिरातीत 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं ते चिव्हितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून जवळपास नव्वद किलोमीटर. लहान मुलांना घेऊन सकाळी उतरायचं, गाडीत बसायचं, उन्हात रांगा लावायच्या आणि संध्याकाळी जहाज सुटायच्या आत परत यायचं. हे म्हणजे एसटी पकडायची धावपळ युरोपात जाऊन करणं. याउलट नेपल्स, बार्सिलोना, माल्टातलं व्हॅलेटा इथं बंदर शहराला लागून आहे. बाबागाडी ढकलत जाता येतं, मूल रडलं तर परत येता येतं. सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून उतरवतात आणि वर चढायला केबल कार किंवा पायऱ्या. फोटो सुंदर येतात, पण मुलं लहान असताना ते बेट राहू द्यावं. थोडी बंदरं असलेला आणि मध्ये एखादा दिवस नुसता समुद्रात असलेला मार्ग लेकरांना सोसतो.

तिसरी गोष्ट पैशाची. जाहिरातीतला आकडा सहसा दोघांच्या खोलीतला, माणशी असतो. त्याच खोलीत तिसरी-चौथी जागा मुलांना बऱ्याचदा स्वस्तात मिळते, हे खरं. पण विमान, व्हिसा, विमा, दररोजची माणशी टिप, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वेगळं. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहाखालच्यांना माफ आहे. किमान ३० हजार युरोचा आरोग्य विमा लागतो. मार्ग तुर्की किंवा ट्युनिशियाला जाऊन परत युरोपात येत असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल फुकट नसतं. आणि माझी ठाम अट : कर्ज काढून, हप्त्यावर जायचं नाही. आपल्या आज्यापणज्यांना सावकाराच्या वहीतून सुटायला दोन पिढ्या लागल्या. फिरण्यासाठी त्या वहीत परत नाव घालायचं नाही.

आणि मुलांना समुद्र लागतो की नाही हेच माहीत नसेल, तर आधी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या दोन रात्रींच्या क्रूझवर एकदा जाऊन पाहावं. आठ दिवसांची चूक करण्यापेक्षा दोन रात्रींची चूक बरी.

आडनाव घरी ठेवून जायचं का?

भावानं विचारलं होतं, "मराठी ग्रुप टूरसोबत जाऊ की स्वतः बुकिंग करू?" ग्रुपचे फायदे आहेत. मराठी बोलणारा माणूस सोबत, व्हिसाची कागदपत्रं कुणीतरी बघतं, वरणभात मिळतो. पण माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका अशा ग्रुपसोबत केरळला गेलो. पहिल्याच संध्याकाळी ओळखपरेड : नाव, आडनाव, गाव. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही सहा डिसेंबरला दादरला जात असाल ना?" मी हो म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावरच्या जागा बदलल्या. कुणी काही बोललं नाही. माझी पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, ती ताई आता माझ्याजवळ का बसत नाही?" मी सांगितलं, "तिला सर्दी झालीय."

मी खोटं बोलले. समाजशास्त्रात एम.ए. केलेली, वस्तीवस्तीत जाऊन हक्काच्या गोष्टी सांगणारी मी, हाऊसबोटीवर लेकराशी खोटं बोलले. दौलताबादचा शिपाई आता बंदूक घेऊन येत नाही, तो खुर्ची सरकवून निघून जातो.

म्हणून भावाला माझा सल्ला : स्वतः बुकिंग कर. दोन-तीन हजार माणसांच्या जहाजावर तुझं आडनाव कुणाला काही सांगत नाही. जेवणाला फक्त आपल्या कुटुंबाचं टेबल मागता येतं. ग्रुपसोबतच जायचं असेल तर आडनाव लपवून जाऊ नकोस, आणि मुलांनी विचारलंच तर माझ्यासारखं 'सर्दी' सांगू नकोस. सहा वर्षांचं मूल १९०१ ची बैलगाडीची गोष्ट समजू शकतं. बाबासाहेबांवर ती प्रत्यक्ष आली तेव्हा ते काही फार मोठे नव्हते.

जहाजाच्या पोटात कोण आहे?

आंबेडकरी माणसानं कुठंही जाताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : इथं राबतंय कोण? क्रूझ जहाजं युरोपात फिरतात, पण त्यांची नोंदणी अनेकदा पनामा, बहामा, माल्टा अशा देशांत असते, कारण तिथले नियम कंपनीला सोयीचे पडतात. खोल्या झाडणारी, भांडी घासणारी, टेबलावर वाढणारी मुलं फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारतातली. आपल्या गोव्यातली तर घरंच्या घरं या नोकरीवर उभी आहेत. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानं कामाची कमाल मर्यादा ठरवली ती आठवड्याला ७२ तास. बाबासाहेबांच्या काळातल्या ४८ तासांशी ही तुलना करून पाहा. सहा-आठ महिन्यांचा करार असतो, त्यात रविवार नसतो.

मग जाऊ नये का? तसं मी म्हणत नाही. त्या मुलांची घरं त्या पगारावर चालतात. पण खोली आवरणाऱ्याचं नाव विचारावं, त्याची टिप बिलातून काढून टाकायला काउंटरवर रांग लावणाऱ्यांत आपण नसावं, आणि आपल्या मुलांनी त्याला 'ए' म्हणू नये. हे मुलांना शिकवायला युरोपपर्यंत जावं लागत नाही. पण तिथंही विसरायचं नाही.

त्याच समुद्राची दुसरी बाजूही मुलांना कधीतरी सांगावी लागेल. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅलन कुर्दी नावाच्या सिरियातल्या चिमुकल्याचा देह तुर्कीच्या किनाऱ्यावर वाहून आला. त्याचं कुटुंब याच समुद्रातून युरोपात जायला निघालं होतं, फक्त व्हिसा नव्हता. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींना 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असं नाव मिळेल असं लिहिलं, कारण स्वतःच्या देशात माणूस म्हणून प्रवेश मिळत नव्हता. व्हिसा मिळालेल्या माणसानं व्हिसा नसलेल्यांना विसरू नये, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

पाहायचं काय?

१९३० मध्ये गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीनं मुंबईहून निघाले, १९३१ मध्ये 'मुलतान' बोटीनं. सुएझ ओलांडून दोन्ही बोटी याच भूमध्य समुद्रात शिरल्या. १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून ते परत निघाले तेव्हा त्यांच्या सामानाचं जहाज महायुद्धात बुडालं. त्या पाण्यावरून ते अनेकदा गेले, पण रमाई आणि लेकरांना घेऊन कधीच गेले नाहीत. रमाईंच्या पाच लेकरांपैकी यशवंत तेवढे जगले. 'फॅमिली ट्रिप' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला असेल का? म्हणून, काका, आपली पोरं बायकालेकरांसह त्या समुद्रावर जात असतील, तर मला हसू येत नाही.

आणि नेपल्सला उतरलं तर तिथल्या पुराणवस्तू संग्रहालयात जावं. पॉम्पेईच्या राखेत १९३८ मध्ये सापडलेली एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथं आहे, भारतातून गेलेली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला सापडल्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या वर्णनात त्याचं नाव आहे, आणि तिथं बौद्ध अवशेषही मिळाले आहेत. ज्यांना पुढं समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं सांगितलं गेलं, त्यांच्याआधी या मातीतला माल भूमध्य समुद्राच्या काठावर पोहोचला होता. मराठवाड्याच्या पोराला हे तिथं उभं राहून सांगण्यासारखं आहे.

शेवटी हिशोब

१५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितलं. माझं भावाला सांगणं असं : या सहलीवर समजा सहा लाख खर्च झाले, तर त्याचा विसावा हिस्सा, म्हणजे तीस हजार, बाजूला काढ. ऊसतोडीहून परतलेल्या आपल्या वस्तीतल्या पोरांना एसटीनं तेरच्या लामतुरे संग्रहालयात घेऊन जाऊ. तू नेपल्सला जी मूर्ती पाहशील, तिची बहीण ही पोरं तेरला पाहतील. परत आल्यावर तुझ्या मुलानं विहारात उभं राहून त्यांना समुद्र कसा असतो ते सांगायचं, आणि त्यांनी त्याला उसाच्या फडात रात्र कशी जाते ते.

काकांना एवढंच सांगणं : नळाच्या पाण्यासाठी येत्या सोमवारी नगरपरिषदेवर जाऊ. मी येते, भावालाही सांगते. पण त्याच्या लेकरांच्या समुद्रावर परत हसायचं नाही. मीही हसणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.